विहिरीतले चौदा दिवस

बब्रुवानाला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवतो. म्हणजे शेवटी कुणाचं काय गेलं ते मोजायला सोपं जाईल.

विद्यापीठाच्या पोहण्याच्या स्पर्धेत तो शंभर मीटरला पहिला आला असता, तर एक ढाल मिळाली असती. ती त्याच्या काही कामाची नव्हती. ती प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खुर्चीमागच्या रिकाम्या फळीवर बसणार होती. एक निळा कोट मिळाला असता. तो त्याच्या गावच्या, माकणीच्या उन्हात वर्षातले पंधरा दिवसही अंगावर ठेववला नसता. आणि चौदा दिवसांची गैरहजेरी माफ झाली असती. खरी मिळकत काय ती हीच. गैरहजेरी माफ झाली की बी. ए.च्या शेवटच्या परीक्षेचा फॉर्म जाणार. फॉर्म गेला की पोरगं पास होणार, तेवढी अक्कल त्याला होती. आणि पास झालं की लोहाऱ्याच्या शाळेत जूनपर्यंत धरून ठेवलेली मास्तराची जागा त्याची. नाहीतर वर्ष बुडालं, जागा दुसऱ्याला गेली, आणि त्याची आई कस्तुराबाई दिवाळीपासून गावभर 'आमचा मास्तर, आमचा मास्तर' करत हिंडत होती, तिला आता पाणवठ्यावर मान खाली घालून जावं लागणार.

माझा यात फायदा काहीच नव्हता. मी कॉलेजचा क्लार्क. हजेरीपट माझ्या ताब्यात. 'ह' लिहायचं की 'गै' लिहायचं, एवढाच माझा अधिकार, आणि तो मी फार कडक वापरत असे.

साल त्रेसष्ट. धाराशिवातलं आमचं कॉलेज तेव्हा चार वर्षांचं होतं. कौलारू तीन खोल्या, एक ऑफिस, एक घंटा, आणि बाहेर बोरीचं झाड. खेळाचं साहित्य म्हणजे एक फुटबॉल, त्यात हवा राहत नसे. अशा कॉलेजात बब्रुवान आला तो पोहायला शिकूनच. माकणीच्या खाली तेरणेचा डोह आहे, त्यात त्याला थोरल्या भावानं पाचव्या वर्षी ढकलून दिलं होतं. तो वर आला. भाऊ म्हणाला, "आलं की!" आणि घरी निघून गेला. शिकवणी म्हणतात ती एवढीच झाली.

पोहणाऱ्याचा आपल्याकडं उपयोग काय, तर विहिरीत पडलेलं वर काढणं. कुठं घागर पडली, कुठं पोहऱ्याची कडी, कुठं मंगळसूत्रातली वाटी. गळ टाकून निघालं तर ठीक, नाही निघालं की, "अरे, ते कॉलेजातलं पोरगं बोलवा." माझी ऑफिसची खिडकी फाटकाकडं. कोण येतं, कसं येतं, डोक्यावर पदर नीट आहे की पळत आलंय, सगळं मला दिसायचं. निरोप आला की बब्रुवान वर्गातून उठायचा, वही माझ्या खिडकीत ठेवायचा.

"पंत, जाऊन येतो."

"अरे, इतिहासाचा तास आहे."

"इतिहास कुठं पळून जातोय व्हय? घागर गाळात रुतली की निघत न्हाय."

तो गेला की मी 'गै' लिहायचो. विहिरीत पाच-सहा तास गेले की दिवस संपायचा. पैसे तो घेत नसे. गरम भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा, एवढ्यावर काम. दुसरा त्याचा एक नेम होता. कुणाच्या विहिरीतून काय काढलं, हे तो कुणाला सांगत नसे. मी एकदा खोदून विचारलं, तर म्हणाला, "पंत, घागर सुनंच्या हातनं पडती आन् बोभाटा सासूच्या तोंडनं होतो. म्या वर काढायची, खाली ठिवायची, आन् निघायचं. सांगत बसलो तर पुढच्या येळंला मला कोण बोलवील?"

डिसेंबरअखेर मी बेरजा मारल्या. बब्रुवान चौदा दिवसांनी कमी पडत होता. मी कागद साहेबांपुढं ठेवला.

आमचे प्रिन्सिपॉल नारायणराव हैदराबादेत शिकलेले. मराठी कॉलेजपुरती, राग उर्दूत. त्यांनी बब्रुवानाला बोलावलं.

"बरखुरदार, हे चौदा दिवस कुठं होता आपण?"

"विहिरीत, साहेब."

"चौदा दिवस विहिरीत?"

"सलग न्हाय साहेब. मधी मधी वर येत हुतो."

मी फायलीत तोंड घातलं. साहेब हसले नाहीत.

"कुणाच्या विहिरीत? काय काढत होतास?"

"ते सांगता येत न्हाय."

"हे पाहा," साहेब म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा. मला दोनच कारणांवर माफी देता येते. एक, लोकांच्या उपयोगाचं काम केल्याचा लेखी दाखला. कुणाचं काम, कोणतं काम, कोणत्या दिवशी, सगळं त्यात पाहिजे. तो तू आणणार नाहीस. दुसरं, खेळात कॉलेजचं नाव. औरंगाबादला पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या स्पर्धा आहेत. ढाल आण, मी सही करतो."

बब्रुवानाचा चेहरा असा उजळला की जणू ढाल गाळात पडली आहे आणि त्याला फक्त बुडी मारायची आहे.

सरावाला तलाव नव्हता. कल्याणप्पांच्या मळ्यात गावाबाहेर मोठी गोल विहीर होती, दगडानं बांधलेली, बत्तीस फूट रुंद. कल्याणप्पा बिचारे हो म्हणाले. पण विहिरीवर राज्य त्यांच्या आईचं, नागूबाईंचं. आतल्या कोनाड्यात साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड होते. नागूबाईंनी काठी आपटून अट घातली, "पव्ह बाबा, लई पव्ह. पर उलटं फिरायचं न्हाय. आसरांचं पानी हाय. देवळात फिरतो तसंच उजवं घालून फिरायचं."

त्यात आम्हाला काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. देवीचा हात पाठीवर. गणिताच्या सरांनी खडूनं धोंड्यावर आकडेमोड केली. भिंतीपासून एक फूट आत राहून साडेतीन फेऱ्या मारल्या की शंभर मीटर होतात. साहेब स्वतः संध्याकाळी छत्री घेऊन काठावर खुर्ची टाकून बसत. त्यांच्याकडं पोहण्याचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात बघून ते वरून ओरडत, "डोकं पाण्यात! कोपर वर! डोकं पाण्यात!" बब्रुवान आतापर्यंत डोकं वर काढून, म्हशीसारखं चौफेर बघत पोहत असे. आता त्यानं मान खाली घातली आणि खरंच सुसाट सुटला. महिनाभर रोज तीस-चाळीस फेऱ्या. सगळ्या उजव्या.

पुढं जाण्याआधी त्या चौदा दिवसांतल्या चौदाव्या दिवसाचं सांगतो. सोमवार, नऊ डिसेंबर.

आम्ही तुळजापूरचे. माझ्या घराण्यात कुणाच्या हातून चावी, चिठ्ठी वा तिथी हरवल्याचं ऐकिवात नाही, असं मी ऑफिसात वारंवार सांगत असे. परीक्षेच्या कपाटाच्या चाव्या मी माझ्या जानव्याला बांधून ठेवत असे. जानव्याला बांधलं म्हणजे अंगाला बांधलं. मात्र श्रावणीला नवं जानवं घालायचं राहून गेलं होतं, आणि ते मी रोज उद्यावर टाकत होतो. त्या सोमवारी सकाळी आमच्या वाड्याच्या विहिरीवर मी अंघोळीचं पाणी शेंदत होतो. वाकलो, जानवं रहाटाच्या खुंटीत अडकलं, तुटलं. चाव्या डुबुक.

वनमाला, माझी बायको, दारात उभी होती. म्हणाली, "काय पडलं?"

"काही नाही."

"काही नाही डुबुक वाजत नाही."

मी पंच्यानिशी पळत बब्रुवानाच्या खोलीवर गेलो. तो भाकरीचं पीठ मळत होता. हात धुऊन आला. थंडीचे दिवस, खाली कमरेएवढा गाळ. सात बुड्या मारूनही काही नाही. मधे मधे वर येऊन तो माझ्याकडं बघे आणि म्हणे, "जानवं कसलं हुतं पंत, सुती का रेशमी?" साडेदहाला चाव्या घेऊन वर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे झाले होते. वनमालानं त्याला घोंगडीत गुंडाळून उन्हात बसवलं आणि पिठलं टाकलं. मी चाव्या घेतल्या, अकराच्या आत ऑफिस गाठलं, कपाट उघडलं, हजेरीपट काढला, आणि बब्रुवानापुढं 'गै' लिहिलं.

आला नव्हता, गैरहजर लिहिलं. हजेरी म्हणजे हजेरी.

औरंगाबादला मलाच पाठवलं. एका पोहणाऱ्यामागं एक मॅनेजर लागतो म्हणाले, आणि रजा घेतली तरी चालेल असा माणूस कॉलेजात मीच होतो. एस.टी.नं दिवसभर हाडं खिळखिळी करून घेत आम्ही पोचलो. सकाळी तलावावर गेलो तर बब्रुवान काठावरच थबकला.

"पंत! तळ दिसतोय!"

"मग?"

"मग ह्यात पडलेलं काढायला माणूस कशाला लागतोय? गळ बी नको."

त्याला राहवलं नाही. शर्यतीला तास होता, तेवढ्यात त्यानं तळातून दोन बटणं, एक केसांची पीन आणि एका पंचांची शिट्टी वर काढली. पंच खूष. मी मात्र सगळीकडं बघत होतो. लातूरची पोरं, नांदेडची पोरं, सगळ्यांच्या अंगावर एकसारख्या चड्ड्या. आमच्या गड्याची चड्डी खाकी, एन.सी.सी.ची.

तळाला काळ्या फरशीचे लांबच लांब पट्टे होते. बब्रुवानानं विचारलं, "पंत, ते काळं पट्टं कशाला?"

मला काय माहीत? पण मॅनेजर होतो. म्हणालो, "शोभेला."

"झ्याक दिसत्यात," तो म्हणाला.

पट्ट्यांच्या मधे बांधतात त्या दोऱ्या त्या दिवशी बांधल्या नव्हत्या, त्या अंतिम फेरीला बांधायच्या होत्या. सहा जण उभे राहिले. बब्रुवान तिसऱ्या पट्ट्यावर. शिट्टी वाजली आणि त्यानं सूर मारला तो असा की पाण्याला कळलं नसावं. डोकं पाण्यात, कोपर वर. वीस मीटरला सगळ्यांच्या पुढं. मी खुर्चीवर उभा राहिलो, माझी टोपी पडली. ढाल मला दिसायला लागली. फळीवर ती कुठं ठेवायची हेही ठरवून टाकलं.

मग तो उजवीकडं वळायला लागला.

आधी वाटलं, माझीच नजर वाकडी. पण नाही. चौथ्या पट्ट्यावरच्या नांदेडच्या पोराच्या पुढून तो गोलाईत निघाला, पाचव्याच्या पायांवरून गेला, सहाव्याला थेट भिंतीशी दाबलं. एक वर्तुळ पुरं करायच्या बेतानं त्यानं तोंड परत माझ्याकडं फिरवलं आणि मान खाली घालून, विजेसारखा, निघाला होता त्याच काठाला येऊन हात लावला. डोकं वर काढलं. दम लागलेला, हसरा.

"किती फेऱ्या राहिल्या, पंत?"

सगळा तलाव हसत होता. पंचानं, ज्याची शिट्टी काढून दिली होती त्यानंच, त्याच शिट्टीनं त्याला बाद केलं.

परतीच्या एस.टी.त चौसाळ्याजवळ तो म्हणाला, "पंत, पट्टं शोभेचं नव्हतं."

"नव्हतं."

"तुमचा दोस न्हाय. म्या बी इचारलं आन् सोडून दिलं." थोड्या वेळानं, "आई आता काय म्हनंल?" एवढंच बोलून त्यानं खिडकीला डोकं टेकलं.

फॉर्म पाठवायची मुदत आठ दिवसांवर होती. मी म्हणालो, "अरे, दाखले गोळा करू. ज्यांच्या विहिरीत उतरलास त्यांच्याकडून."

"न्हाय."

"वर्ष जाईल."

"जाऊ द्या. चौदा घरात भांडनं लावून म्या मास्तर होऊ व्हय? दाखल्यात लिवावं लागतंय, काय पडलं आन् कुनाच्या हातनं. मला न्हाय पायजे."

त्याला नको होते. पण खिडकी माझी होती. कुठल्या दिवशी फाटकावर कोण आलं, ते मला पाठ होतं. तेरा नावं मी एका कागदावर उतरवून काढली. चौदावा दिवस रिकामा ठेवला. त्या दिवशी फाटकावर कुणी आलं नव्हतं, हे खोटं नव्हे.

पहिल्यांदा कल्याणप्पांच्या मळ्यात गेलो. नागूबाई जोंधळा पाखडत बसल्या होत्या. त्यांची सून मथुराबाई शेणी थापत होती. मथुराबाईच्या हातून ऑगस्टमध्ये तांब्याची घागर पडली होती, नागूबाई तुळजापूरला देवीला गेल्या होत्या तेव्हा. ही गोष्ट सुनेला ठाऊक, बब्रुवानाला ठाऊक, आणि खिडकीमुळं मला. मी मोघम सुरुवात केली. पाणी, पोरगं, परीक्षा, लोककल्याण.

नागूबाईंनी सूप खाली ठेवलं. "पंत, सरळ बोला. घागरीचंच ना?"

मथुराबाईचा हात शेणात थांबला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला डोळं न्हाईत व्हय? घागरीला येवढा पोचा पडलाय. पाच महिने झालं, ही पोचा भिंतीकडं करून ठिवती, आन् म्या बघितलंच न्हाय असं दावती. आमचं बरं चाललंय." त्या सुनेकडं न बघता म्हणाल्या, "लिवा. म्या पाडली."

"तुम्ही?"

"म्हातारी हाय म्या. म्हातारीच्या हातातनं पडतं. मला कोन बोलनार हाय? लिवा, आन् अंगठा घ्या."

निघताना मथुराबाईनं माझ्यापुढं ताकाचा तांब्या ठेवला, आणि सासूपुढं त्याच्या आधी ठेवला.

नागूबाईंच्या तोंडून गोष्ट गल्लीत गेली. गल्लीतून पेठेत. दुसऱ्या दिवसापासून माझ्या खिडकीत म्हाताऱ्या येऊ लागल्या. "पंत, ते बादलीचं माझ्या नावावर घ्या." "कळशीचं म्या केलं, तिनं न्हाय." एकीनं तर, जी वस्तू तिच्या विहिरीत पडलीच नव्हती, तीसुद्धा आपल्या माथी घ्यायची तयारी दाखवली, तिला परत पाठवावं लागलं. अकरा सासवांचे अकरा अंगठे झाले. बारावा दाखला शिवलिंग गवळ्याचा. त्याचं रेडकू पडलं होतं, आणि ते आपणच दारू पिऊन सोडलं होतं, असं त्यानं न विचारता लिहून दिलं. इतकं खरं कुणी मागितलंही नव्हतं.

तेरावा कळंबचा. शांतलिंगअप्पा, धान्याचे व्यापारी. बैठकीवर गादी, मागं परसात विहीर, रहाट कुरकुरतोय.

"विहीर?" अप्पा म्हणाले. "आमच्याकडं विहीर न्हाय."

रहाट कुरकुरला.

"ती आहे ती?"

"ती जुनी हाय."

प्रकार असा होता. किलोची मापं येऊन दोन वर्षं झाली होती. शेराची ठेवायला बंदी. पण अप्पांचा जीव जुन्या शेरात अडकलेला. सप्टेंबरात माप तपासणारे साहेब कळंबला येणार असं कळलं, तेव्हा अप्पांनी आपली शेर-अच्छेराची लोखंडी वजनं पोत्यात भरून विहिरीत सोडली. साहेब गेले, पोतं मात्र खालीच फाटलं. मग धाराशिवला माणूस पाठवला, त्यानंच हे सगळं माझ्या खिडकीत ओकून टाकलं होतं. बब्रुवानानं एकेक वजन वर काढून दिलं.

आता हे लेखी देणार कोण? मी चहा पिऊन गप्प बसलो. गप्प बसण्याचं माझं काम ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे; त्यामुळं माणसं आपणहून बोलतात.

"पंत," अप्पा शेवटी म्हणाले, "ते पोरगं कुठं बोललं का?"

"मला तरी नाही बोललं. त्याला तर दाखलाच नको आहे."

"नको?"

"तुमचं नाव निघेल म्हणून वर्ष बुडवायला तयार आहे."

अप्पांनी गादीवरची बोटं मोजल्यासारखी उघडली-मिटली. "आमचे हमाल चार दिस दम धरत न्हाईत. हे पोरगं चार महिने..." आत हाक मारून वजनं बाहेर काढायला सांगितली. शुक्रवारी त्यांनी सगळी वजनं बैलगाडीत घालून तहसिलात नेऊन जमा केली, तिथं जे ऐकून घ्यायचं ते घेतलं, आणि मग दाखला लिहिला. अक्षर फार सुंदर होतं.

मुदतीच्या दिवशी मी तेरा कागद साहेबांपुढं ठेवले. बब्रुवान दाराशी उभा. त्याला मी ऐनवेळी आणवला होता, कारण कागद आधी हाती लागते तर तो फाडायलाही कमी करणारा नव्हता. साहेब एकेक वाचत गेले. तिसऱ्याला चष्मा काढला, सातव्याला घातला.

"विष्णुपंत, या शहरातल्या सासवांना झालंय काय? हात कापतात की काय सगळ्यांचे?"

"वय झालंय साहेब."

"हं." त्यांनी मोजले. "तेरा. चौदावा?"

"नऊ डिसेंबर. त्या दिवशी फाटकाशी कुणी आलं नव्हतं," मी म्हणालो. आवाज बरोबर निघाला.

साहेबांनी बब्रुवानाकडं पाहिलं. "नऊ डिसेंबरला कुठं होतास?"

बब्रुवानानं माझ्याकडं पाहिलं नाही. फरशीकडं बघून म्हणाला, "त्या दिवशी म्या उगंच पवत हुतो, साहेब. मौजेखातर."

"तेरावर माफी मिळत नाही, बरखुरदार. कायदा म्हणजे कायदा."

"व्हय साहेब."

एवढं म्हणून तो वळला. लोहाऱ्याची शाळा, आईचा 'आमचा मास्तर', सगळं त्या एका 'व्हय साहेब'मध्ये घालून दाराच्या बाहेर निघाला होता. डिसेंबरात माझ्या विहिरीवर बसलेला तो, ओठ जांभळे, दातावर दात वाजत, वनमालाला 'वैनी, पिठल्यात मिरची कमी हाय' म्हणणारा, मला आठवला. आणि त्याच दिवशी अकराला मी घाई करून लिहिलेलं 'गै'ही आठवलं.

त्या जूनला मला हेडक्लार्क म्हणून कायम करण्याचा कागद साहेबांच्याच टेबलावर होता. त्यात शेरा होता: 'अत्यंत काळजीपूर्वक.' तो मीच टाईप केला होता.

मी साहेबांच्या टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं.

साहेबांनी वाचलं. "परीक्षेच्या कपाटाच्या चाव्या?"

"होय."

"जानव्याला?"

"होय."

"आणि तुम्ही याला गैरहजर लावलंत?"

"गैरहजर होताच तो, साहेब."

मग पहिल्यांदा त्यांनी उर्दूत काही न बोलता दोन सह्या केल्या. एक बब्रुवानाच्या फॉर्मवर. दुसरी माझ्या कायम होण्याच्या कागदावर. पण तिच्या वर त्यांनी 'काळजीपूर्वक' शब्द खोडला आणि लिहिलं, 'एक वर्षानंतर पुन्हा विचार व्हावा.'

बाहेर बोरीखाली बब्रुवान माझी वाट बघत होता. म्हणाला, "पंत, तुमी कशाला बोललाव?"

"घागरीला पोचा पडला की भिंतीकडं किती दिवस करून ठेवायची?"

त्याला ते कळलं नसावं. नागूबाईंकडं तो नव्हता. त्यानं फक्त सांगितलं, "जानवं नवं घ्या आता. रेशमी घ्या."

तो दुसऱ्या वर्गात पास झाला आणि जूनमध्ये लोहाऱ्याला रुजू झाला. तिथं तो मुलांना इतिहास शिकवतो. आणि पहिल्याच उन्हाळ्यात मुलांना विहिरीत नेलं, तेव्हा एक फेरी उजवी नि एक डावी अशी पोहायला लावली, असं ऐकलं.

आता बेरीज. चौदा दिवसांचं कुणी काय दिलं: अकरा सासवांनी प्रत्येकी एक न केलेली चूक आपल्या अंगावर घेतली. शिवलिंग गवळ्यानं दारू सोडली नाही, पण कबूल केली. शांतलिंगअप्पांनी वडिलांच्या वेळची सारी वजनं तहसिलात दिली. प्रिन्सिपॉलसाहेबांची फळी रिकामी राहिली, अजून आहे. कस्तुराबाईंना काहीच द्यावं लागलं नाही; त्या पाणवठ्यावर आधी होत्या तशाच ताठ. बब्रुवानाचं एक वर्ष वाचलं, माझं एक वर्ष गेलं. हे दोन आकडे मी समोरासमोर मांडून पाहिले, ते जुळतात.